बावटा उतरला तेव्हा

संक्रांतीला जयपूरचं आभाळ पतंगांनी भरून जातं, गच्च्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या वर्षी मात्र सकाळपासून वाऱ्याचा पत्ता नव्हता. वैशाली नगरातली सगळी पोरं मांजा हातात धरून वर बघत बसली होती आणि मधूनच कोरसात ओरडत होती, "हवा दे दो, रामजी!" खाली सुमनताई हिंदळेकरांनी धाडकन खिडकी लावून घेतली.

"मागू नका रे बाबांनो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मिळतं."

नवरा गेल्याला दोन महिनेही झाले नव्हते. तेव्हापासून ही बाई देवघरापुढे उभी राहिली नव्हती. अवनी, त्यांची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवाबत्ती तीच करायची, पोट सांभाळत, भिंतीला धरून. जन्म जयपूरचा, शाळा हिंदी, त्यामुळे पोरीची मराठी अडखळत चालायची.

"मम्मी, तू एकदा बोल ना देवाशी," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात बीपी वर आहे. मतलब... मला भीती वाटते."

"तूच सांग. माझ्या तोंडून नको."

आता सांगा, कुठली आई असं बोलेल? अवनीला वाटलं, पप्पांच्या दुःखात आईचा देवावरचा विश्वास उडाला. उलटंच होतं सगळं. विश्वास इतका बसला होता, की त्या बाईला देवाकडे काही मागायचीच धास्ती बसली होती. एकदा मागितलं, ते मिळालं आणि त्यात नवरा गेला, असा हिशोब तिनं मनाशी पक्का केला होता.

द्वारकानाथ हिंदळेकर मूळचे देवगडकडचे, विमा कंपनीत अधिकारी. पहिली नेमणूक वर्ध्याला झाली, सुमनच्या वडिलांकडे भाड्यानं राहिले आणि घरमालकाची मुलगी घेऊन पुढच्या गावाला गेले. लग्नात म्हणाले होते, "तुला शिडाच्या होडीतून समुद्र दाखवीन." वर्ध्याच्या मुलीनं पवनारच्या नदीपलीकडे पाणी कशाला बघितलंय? ती हरखली. मग बदल्या झाल्या, शेवटची जयपूरला, सासूचं आजारपण निघालं, अवनीच्या परीक्षा आल्या, लग्न आलं. होडी राहिली ती राहिलीच. आणि द्वारकानाथ तर घुमे. जेवताना "मीठ" एवढं एक वाक्य. सुमनताई म्हणायच्या, या माणसापेक्षा आमचा रेडिओ बरा, निदान उत्तर दिल्यासारखं तरी वाटतं.

मग या दिवाळीच्या आधी त्यांच्या छातीत दुखलं. बायपास सांगितली, दिवाळीनंतरची तारीख मिळाली. तर हा माणूस ऑपरेशनआधी होडीची तिकिटं, म्हणजे मालवणला जाण्यासाठी रेल्वेची तिकिटं, घेऊन दारात उभा!

"अहो, डोकं फिरलंय काय? डॉक्टर काय म्हणाले?"

"दगदग नको म्हणाले. बसून राहायला मनाई नाही. होडीत माणूस बसूनच असतो."

बालमित्र पंढरीचा मचवा होता, शीड आणि इंजिन दोन्ही असलेला. मालवणहून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं रत्नागिरी गाठायची, असा बेत. पहिला दिवस सोन्यासारखा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून आभाळ काळं झालं आणि पंढरीनं मचवा जो देवगडच्या बंदरात घातला, तो तिथंच राहिला. बंदराच्या खांबावर वादळाचा बावटा चढला. बाहेर समुद्र नुसता उकळत होता. आत, डोंगराच्या कुशीत, पाणी त्या मानानं गरीब, पण छोट्या होडीनं धक्क्यावर उतरता येईल इतकं नव्हे.

सुमनताई आधी खूप रडल्या, चिडल्या. ओल्या साड्या, ताडपत्रीवर पावसाचा मारा, स्टोव्ह पेटेना. मग काय झालं कुणास ठाऊक, द्वारकानाथ बोलायला लागले. लहानपणी याच बंदरात बुडता बुडता वाचलो होतो ते, वर्ध्याला घरमालकाच्या मुलीसाठी मुद्दाम दर महिन्याला भाडं उशिरा द्यायचो ते. "काहून हो, हे इतकी वर्षं कुठं ठेवलं होतं?" सुमनताईंनी विचारलं आणि हसून हसून त्यांचे डोळे वाहायला लागले. मालवणी माणूस वर्ध्याच्या बाईला मासा साफ करायला शिकवत होता. खोटं कशाला बोला, लग्नानंतर इतकं सुख तिनं पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पंढरीनं नाळीवर, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकावर, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. तिकडे देवाशी असं मोठ्यानं बोलतात, आणि जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा असतो.

"बा देवा महाराजा! ह्यो वारो खाली बसव, दर्या शांत कर, नि ह्या पावण्यांका सुखरूप घराक पोचव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" द्वारकानाथ म्हणाले.

सुमनताईंनी ओठ मिटून घेतले. घर म्हणजे जयपूर, जयपूर म्हणजे ते ऑपरेशनचं टेबल. त्यांनी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, वारा असाच राहू दे. आम्हांला इथंच ठेव.

आणि ठेवलं की देवानं! दुसऱ्या सकाळी लख्ख ऊन पडलं, पण पंढरी म्हणाला, वरून दिसतं तसं नाही, बाहेर लाट आहे. खांबावरचा बावटा दिसेना. तो म्हणाला, वाऱ्यानं फाटला असेल, नवा चढवतील. मासेमारीच्या होड्या निघाल्या. तो म्हणाला, ते पोटासाठी जातात, आपण हौसेचे. सुमनताईंनी सगळ्यावर विश्वास ठेवला. त्यांना समुद्रातलं कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं.

असे आणखी दोन दिवस गेले, आणि जयपूरला पोचेपर्यंत तारीख हुकली. सर्जन बाहेरगावी गेले होते. पुढची तारीख मिळाली, पण ती उजाडायच्या आधी एका सकाळी द्वारकानाथ तुळशीला पाणी घालता घालता खाली बसले, ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, टेबलावरही झालं असतं. सुमनताईंनी मान हलवली. त्यांना माहीत होतं काय झालं ते.

संक्रांतीच्या दुपारी दाराची घंटी वाजली. दारात पंढरी. कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर कुणाची तरी शाल, आणि हातात आमसुलांची पिशवी. गावच्या मंडळींबरोबर पुष्करच्या यात्रेला आला होता. बस आमेर बघायला गेली, तसा हा रिक्षा करून पत्ता विचारत आला.

"वयनी," एवढंच म्हणाला आणि फोटोसमोर उभा राहून लहान मुलासारखा रडला.

अवनीनं चहा आणला. चहा निवून गेला. सुमनताईंना वाटलं, आज नाही बोललं तर हे कुणाशी बोलणार?

"पंढरीभावजी, मी एक पाप केलंय. त्या दिवशी तुम्ही गाऱ्हाणं घातलं ना, मी 'व्हय' म्हटलंच नाही. मी उलटं मागितलं. वारा थांबू नको म्हटलं. देवानं माझं ऐकलं. मीच मारलं हो त्यांना."

"मम्मी!" अवनीनं हातातली बशी खाली ठेवली.

पंढरीनं पुढ्यातला कप बाजूला सारला.

"वयनी, गाऱ्हाणा घातलंय त्याच्या दुसऱ्याच दिवशी वारो पडलो. बावटोय उतरवल्यानी."

"मग?"

"द्वारक्यान माका सांगल्यान, 'तिका सांग, भायर अजून लाट हा.' मी म्हटलंय, 'अरे मेल्या, तुका आपरेशनाक जावचा हा!' तर म्हणता कसो, 'ती हसता बघ. लगीन झाल्यापासून अशी हसताना बघूक नाय मिया. आणखी दोन दिस हसांदे तिका.'"

सुमनताईंनी मनातला हिशोब पुन्हा मांडला. म्हणजे देवानं आपलं ऐकलंच नव्हतं. पंढरीचं ऐकलं होतं. वारा बसवला होता, वाट मोकळी केली होती, आणि हा शहाणा माणूस आपल्या हसण्यापायी तिथं बसून राहिला! सुटका झाली म्हणावं, तर छातीत नवाच काटा. मी थोडी कमी हसले असते तर?

त्या उठल्या आणि फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मला विचारायचं तरी होतं," त्या ओरडल्याच. "जन्मभर बोलला नाहीत, निदान तेव्हा तरी बोलायचं! एकट्यानं काहून ठरवलं? मी पण राहू म्हटलं असतं. दोघांनी मिळून राहिलो असतो ना तिथं!" आणि दोन महिने कोरडी राहिलेली ती बाई भिंतीला डोकं टेकून हमसून हमसून रडली. अवनी तिला धरून उभी राहिली. वर गच्चीत पोरांचा गलका झाला. कुठून तरी वारा सुटला असावा.

पंढरीची बस निघायची वेळ झाली. जाताना त्याची नजर अवनीच्या पोटाकडे गेली. त्यानं कानटोपी काढली, देवघरापुढे उभा राहिला आणि समुद्रावर असल्यासारखा आवाज लावला.

"बा देवा महाराजा! द्वारक्याच्या ह्या लेकीची सुखरूप सुटका कर, आवस नि पोर दोघांकय सांभाळ रे महाराजा!"

अवनीला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं. सुमनताईंचे ओठ मिटलेले होते, अगदी तसेच. मग त्यांनी हात जोडले.

"व्हय महाराजा," त्या म्हणाल्या. आणि डोळे पुसून, मोठ्यानं, पुन्हा एकदा, "व्हय महाराजा!"

पंढरी कानटोपी घालता घालता थांबला. "दोनदा कशाक, वयनी?"

"एक देवगडचं राहिलं होतं," सुमनताई म्हणाल्या.