उरलेले पाच पोट्टे

शामकला बिसेन अकरा वर्षं चौथीचा वर्ग शिकवत होती, आणि अकरा वर्षं भागाकाराची शाब्दिक उदाहरणं तिनं एकाच रीतीनं तपासली होती. भागाकार बरोबर आला, बाकी बरोबर आली, की पूर्ण गुण. तिची शाळा नवेगाव बांधाच्या तलावाअलीकडच्या एका गावात होती. जिल्हा परिषदेची, तीन खोल्यांची. त्या वर्षी तिच्या वर्गात एकोणतीस मुलं होती, म्हणून ऑगस्टमधल्या एका सकाळी तिनं फळ्यावर त्यांचंच उदाहरण लिहिलं. एकोणतीस मुलं बांधावर फिरायला गेली. एका बोटीत सहा मुलं बसतात. तर किती बोटी लागतील?

मुलांनी मांडलं. भागाकार चार, बाकी पाच; उत्तर, चार बोटी. शामकला वह्यांवर बरोबरच्या खुणा करत चालली होती, तेवढ्यात आचल उभी राहिली. तिचे वडील तलावात मासे धरायचे.

"मॅडम, ते पाच पोट्टे काठावरच राहतीन का जी?"

वर्ग हसला. शामकलाही हसली. "काठावर कशाला? त्यांनाही न्यायचं."

"मंग चार बोटी कायले लिहाच्या? पाच लागतेत ना."

शामकलानं फळ्याकडे पाहिलं. गणित बरोबर होतं आणि उत्तर चुकलं होतं. इतक्या वर्षांत तिनं कधी प्रश्न पुन्हा वाचूनच पाहिला नव्हता.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती जेवली नाही. तिला रिंकी आठवत होती. पाच वर्षांपूर्वी रिंकी याच वर्गात होती. तिनं असल्याच एका उदाहरणाचं उत्तर एक जास्तीचं लिहिलं होतं आणि शामकलानं त्यावर लाल फुली मारली होती. रिंकी वाद घालायला लागली. "मॅडम, मी बरोबर लिवली." शामकला तेव्हा चिडली होती. तिनं रिंकीला पूर्ण तास फळ्याजवळ उभं केलं आणि तेच उदाहरण वीस वेळा लिहायला लावलं, "बाकी" हा शब्द अधोरेखित करून. आता रिंकी नववीत होती. गणिताच्या पेपराला तिला ताप येतो, असं तिची आई एकदा बाजारात म्हणाली होती.

शामकलाला हे सगळं सांगायला एकच माणूस होतं. डिंपल पटले शेजारच्या गावच्या शाळेत शिकवायची. दोघी अर्जुनीला राहायच्या आणि सहा वर्षं डिंपलच्या स्कूटीवर सोबत जायच्या-यायच्या. सासरचं, माहेरचं, शाळेतलं, सगळं त्या अठरा किलोमीटरमध्ये बोलून व्हायचं. संध्याकाळी परत येताना शामकलानं आचलचा प्रश्न सांगितला, आणि मग रिंकीचंही सगळं सांगितलं.

"मी तिच्या घरी जाणार आहे," ती म्हणाली. "तिला सांगणार, तुझं बरोबर होतं."

डिंपलनं मान न वळवता म्हटलं, "पागल झाली का व? पाच वर्षं झाली. कोणाले याद राहते? उगाच आपलीच इज्जत घालवायची."

पण शामकला गेली. रिंकी ओसरीत गोणपाटावर बसून पुस्तक वाचत होती. शामकला तिच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "रिंकी, तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती." रिंकीनं उठून मॅडमसाठी पाणी आणलं. शामकला निघाली तेव्हा ती फाटकापर्यंत सोबत आली आणि तिथं थोडंसं हसली.

त्यानंतर शामकला भागाकारातल्या बाकीच्याच मागे लागली. तिनं दोनशे पानी वही केली. रोज एक उदाहरण, आणि मुलांनी दिलेली उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून. तीस पायांच्या किती खाटा होतील? सात, आणि दोन पाय पडून राहतील, त्यांचा विचार करायचा नाही. सात-सातच्या पंगतीत शेवटच्या पंगतीला किती जण? इथं बाकी हेच उत्तर. नऊ पुऱ्या चौघांत वाटल्या तर? वर्ग अडला होता तेव्हा आचल म्हणाली होती, "पुरी तोडता येते मॅडम, पोट्टा तोडता येत नाही." त्या एका वाक्यावर शामकलानं चार दिवस शिकवलं. मुलं आता उदाहरण आलं की आधी विचारायची, "काय उरलं? पोट्टे का पुऱ्या?" डिसेंबरपर्यंत वर्गातलं एकही मूल चार बोटी लिहीत नव्हतं.

हे सगळं रोज डिंपलला कळत होतं. वहीसुद्धा दोनदा घरी नेली होती तिनं. "वाचते," म्हणाली होती.

फेब्रुवारीत केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांची, शिक्षण परिषद झाली. केंद्रातले साठेक शिक्षक एका शाळेच्या सभागृहात जमले होते. डिंपलचं सादरीकरण होतं. सकाळी स्कूटीवर शामकलानं विचारलं होतं, "कशावर बोलणार आहे?" तर ती म्हणाली होती, "काही नाही व, गणिताचं थोडंसं."

शामकला तिसऱ्या रांगेत तिच्याच शाळेतल्या यादोराव सरांशेजारी बसली होती. पडद्यावर पहिलं पान आलं. एकोणतीस मुलं, एका बोटीत सहा.

तिला आधी आनंदच झाला. आता डिंपल आपलं नाव घेईल, म्हणून तिनं पदर सारखा केला.

"माझ्या वर्गातली एक मुलगी," डिंपल माईकवर म्हणाली, "एक दिवस मला विचारते, मॅडम, ते पाच पोट्टे काठावरच राहतील का?"

सभागृहात कौतुकाचा आवाज उठला. पुढच्या पानावर खाटांचे पाय आले, मग पंगत, मग पुऱ्या. क्रमही तोच होता. "पुरी तोडता येते, पोट्टा तोडता येत नाही" या वाक्यावर टाळ्या वाजल्या. शामकलाला अजून वाटत होतं की शेवटी तरी नाव येईल.

शेवटी डिंपल हसली आणि म्हणाली, "आता एक गंमत सांगते. माझी एक मैत्रीण आहे, नाव नाही घेत. तिनं काय केलं, एका मुलीनं बरोबर उत्तर लिहिलं म्हणून तिला तासभर उभं केलं. वीस वेळा चुकीचं उत्तर लिहून घेतलं!" लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "वा रे मॅडम!" डिंपलनं हसू ओसरू दिलं आणि आवाज हळवा केला. "मग मी तिला म्हटलं, आता जा त्या मुलीच्या घरी. माफी माग. शिक्षकानं चूक कबूल केली पाहिजे. तेव्हा कुठे ती गेली."

यादोराव सरांनी मान वळवून शामकलाकडे पाहिलं. रिंकीला उभं केलं त्या दिवशी ते बाजूच्या खोलीतच शिकवत होते. त्यांनी लगेच नजर काढून घेतली, पण तेवढ्यात शामकलाचे कान तापले. उठून बोलावं असं तिच्या मनात आलं. पण उठणं म्हणजे साठ जणांसमोर सांगणं की ती मैत्रीण मी. ती बसून राहिली. टाळ्या वाजल्या तेव्हा तिचेही हात एकदा एकमेकांवर आपटले, आणि त्या गोष्टीचा तिला पुढे कित्येक दिवस राग येत राहिला.

बाहेर स्कूटीजवळ डिंपल वाट पाहत होती. चेहरा फुललेला.

"कसं झालं व?"

"तू माझं नाव काऊन नाही घेतलं?"

"म्हणून तर नाही घेतलं! तुझी बदनामी नको म्हणून."

"बदनामीत माझं नाव नको, ते ठीक. पण आचल तुझ्या वर्गात कधी आली?"

डिंपलनं इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. हे बघ, तू स्टेजवर चढली असती का? सांग ना. दहा जणांसमोर तुझा आवाज निघत नाही. वहीत पडून राहिलं असतं सगळं. माझ्याकडून चार शाळांना तर समजलं."

यातलं अर्धं खरं होतं आणि तेच शामकलाला जास्त लागलं. "तू मला जाऊ नको म्हटलं होतं, डिंपल," ती म्हणाली. "रिंकीकडे. तू म्हणाली होती, कोणाले याद राहते."

"ते काय, बोलायच्या ओघात," डिंपल म्हणाली. "गोष्ट सांगताना थोडं इकडचं तिकडे होते. बस आता, उशीर होऊन राहिला."

शामकला बसली नाही. फाट्यावर चालत गेली आणि एसटीची वाट पाहत उभी राहिली.

डिंपलची निवड जिल्ह्याच्या उपक्रम स्पर्धेसाठी झाली. तिथं मुलांच्या कामाचे पुरावे लागतात, म्हणून तिचा संदेश आला: वही दोन दिवस देशील का? शामकलानं उत्तर दिलं नाही. ती केंद्रप्रमुखांना तक्रारीचा अर्ज लिहायला बसली. वहीत प्रत्येक पानावर तारीख होती, मुलांची नावं होती, अगदी सुरुवातीला, रिंकीच्या घरी ती गेली त्या दिवसाचंही पान होतं. इतका सरळ पुरावा कुणाकडे नसेल. दोन पानी अर्ज तयार झाला. सोमवारी द्यायचा होता.

शनिवारी दुपारी शाळा सुटताना रिंकी फाटकाशी उभी होती. निळ्या गणवेशात, खांद्यावर दप्तर. शामकला पुढे झाली तर ती आत आली नाही.

"मॅडम, आमच्या हायस्कूलच्या सरांनी वर्गात गोष्ट सांगितली. मीटिंगमध्ये ऐकली म्हणे. एका पोरीले बरोबर उत्तरासाठी उभं केलं होतं." तिचा आवाज स्थिर होता, पाठ करून आल्यासारखा. "सगळे हसले. नाव नव्हतं. पण आमच्या गावच्या तीन पोरी वर्गात आहेत. त्या तेव्हा माझ्यासंगच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं."

"रिंकी, ते मी नाही सांगितलं. दुसऱ्या मॅडमनी..."

"त्यांना कोणी सांगितलं?"

शामकलानं खांद्यावरची पर्स काढून हातात घेतली.

"तुम्ही घरी आल्या तं मले बरं वाटलं होतं," रिंकी म्हणाली. "आईलेही मी पुरं नाही सांगितलं. मले वाटलं ते आपल्या दोघींचंच आहे. तुम्ही कायले सांगितलं जी?"

"एकाच मैत्रिणीला सांगितलं होतं. मला फार वाईट वाटत होतं म्हणून."

"वाईट तं मले वाटलं होतं," रिंकी म्हणाली. तिनं दप्तर सावरलं आणि ती गेली. या वेळी ती हसली नाही.

शामकला रिकाम्या वर्गात जाऊन बसली. अर्ज पर्समध्येच होता. तो तिनं पुन्हा वाचला तेव्हा दिसलं, रिंकीचं नाव त्यात सात वेळा आलं होतं. चौकशी झाली असती तर रिंकीला बोलावलं असतं, तिच्या आईला बोलावलं असतं, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तिनं अर्ज फाडला. तुकडे पर्समध्ये ठेवले आणि घरी जाऊन चुलीत टाकले.

मार्चअखेर निकाल लागला. डिंपलचा उपक्रम जिल्ह्यात दुसरा आला. पुरावे तिनं आपल्या वर्गातल्या मुलांकडून आठ दिवसांत तयार करून घेतले होते. त्याच रविवारी संध्याकाळी ती पेढ्यांचा डबा घेऊन शामकलाच्या दारात आली. शामकलाचा नवरा ईश्वरदास शेतावरून नुकताच आला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"या या, मॅडम! किती दिवसांत आल्या नाही," त्यानं खुर्ची पुढे केली. "शामकला, चहा ठेव व."

शामकला स्वयंपाकघरातून बाहेर आली. डिंपलनं डबा उघडून पुढे धरला. "राग सोड ना आता. अर्धं बक्षीस तुझंच आहे."

"सगळ्यांसमोर म्हणशील का असं?"

डिंपलनं ईश्वरदासकडे पाहिलं.

"मी तक्रार नाही करणार," शामकला म्हणाली. "घाबरू नको. पण तुझ्या गाडीवर बसणार नाही, अन् तुझ्याशी बोलणारही नाही. मी तुझ्यासंग बोलली ते माझं राहत नाही."

"एवढ्याशा गोष्टीसाठी सहा वर्षं तोडते?" डिंपलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं की नाही हे शामकलाला आता ओळखता येईना, आणि आधी कधी येत होतं का, हेही. "मी तुझ्या डिलिव्हरीत दवाखान्यात दोन दिवस बसली होती. ते नाही आठवत?"

"आठवते," शामकला म्हणाली. "म्हणूनच सांगत होती सगळं."

डिंपलनं डबा खुर्चीवर ठेवला आणि ती निघाली. अंगणापलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ईश्वरदास एकदा दाराकडे, एकदा बायकोकडे पाहत होता.

"काय झालं व? काय केलं तिनं?"

शामकला त्याच्यासमोर बसली. तो चांगला माणूस होता, त्यानं ऐकून घेतलं असतं. "वर्गातलं एक उदाहरण होतं," तिनं सुरुवात केली. "बोटींचं. त्याच्यावरून मला एक पोरगी आठवली..."

ती थांबली. पुढचं वाक्य रिंकीचं होतं.

"कोणती पोरगी?" त्यानं विचारलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "आहे एक," आणि चहा ठेवायला आत गेली.