दुसऱ्या बोटाचं रक्त

सॉ ले वाच्या लघवीची बाटली मी खिडकीसमोर धरली, पण तिच्यातून पलीकडची नदी दिसली नाही. फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाचा रंग होता तो.

तो माहूत होता. वय अठ्ठावीस. त्या वर्षात त्याला चौथ्यांदा हिवताप आला होता, आणि गावातल्या मलेरिया केंद्रावरच्या मुलीनं त्याला प्रायमाक्विन सुरू केलं होतं. रोज दोन गोळ्या, चौदा दिवस. पाचव्या दिवशी बहीण त्याला नावेत घालून आमच्या दवाखान्यात घेऊन आली. गोळ्या देणाऱ्या मुलीची काही चूक नव्हती. त्याच्या कार्डावर ‘रक्त चकाकतं’ असं लिहिलेलं होतं आणि अक्षर माझं होतं.

हिवतापाचा एक प्रकार रक्तातून गेला तरी यकृतात दडून राहतो आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा उठतो. त्या झोपलेल्या जंतूंना मारणारं औषध म्हणजे या जातीच्या गोळ्या. पण काही माणसांच्या तांबड्या पेशींत एक द्रव्य कमी असतं, आणि त्यांच्यात हीच गोळी त्या पेशी फोडत सुटते, मग लघवी काळपट होते. आमच्या डोंगरात दहा पुरुषांमागे एखाद-दोघं असे निघतात. म्हणून आधी तपासणी. रक्ताचा थेंब रसायनात मिसळायचा, गाळणकागदावर टाकून सुकवायचा आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचा. रक्त धड असेल तर ठिपका फिकट निळा उजळतो, नसेल तर काळाच राहतो. अकरा वर्षं मी हे करते आहे, तरी दिवा लावताना अजून श्वास धरते.

सॉ ले वाचं हिमोग्लोबिन सहा पूर्णांक एक भरलं. गोळ्या लगेच बंद केल्या. मी त्याचा थेंब पुन्हा कागदावर घेतला. काळा. दुसऱ्या बोटाचा घेतला, तोही काळा. मी डॉक्टर पोनतिपना जाऊन सांगितलं की माझी तेव्हाची तपासणी तरी चुकली आहे किंवा आजची तरी. त्या म्हणाल्या, आधी रक्त मिळवू, चूक कुणाची ते तो वाचल्यावर बघू.

बाहेर बाकावर त्याची बहीण नॉ ला से सुपारी चघळत बसली होती. आमचं पथक गावात तपासणीला आलं त्या दिवशी तुझा भाऊ कोणत्या रांगेत होता, असं मी तिला विचारलं. तिनं सुपारी एका गालात सारली. मग तिनं सांगितलं की त्या दिवशी तो हत्तिणीबरोबर वरच्या रानात होता. आमचं पथक पुन्हा वर्षानं येणार, तोवर भाऊ गोळीवाचून राहील, म्हणून सकाळी स्वतःच्या नावावर बोट दिल्यावर दुपारी ती पुन्हा रांगेत उभी राहिली आणि दुसरा हात पुढे करून तिनं भावाचं नाव सांगितलं. मी मान वर करून पाहिलं नव्हतं.

“थ्रामू, आम्ही एका आईचं दूध प्यालो,” ती म्हणाली. आमच्याकडे शिकवणाऱ्या, औषधपाणी करणाऱ्या बाईला असंच हाकारतात. “रक्त काय वेगळं निघणार?”

“निघतं.”

तिनं सुपारी थुंकली, तोंड पुसलं आणि बाही वर केली. “मग माझं काढा. असेल तेवढं.”

गट जुळला. तिच्या रक्तात जंतू नव्हते, आणि ठिपका तर असा उजळला की माझी बोटं त्या उजेडात दिसली. तिची एक पिशवी त्याला चढली. पिशवी अर्धी झाल्यावर त्याला बोलण्याइतकी ताकद आली. हत्तीला गोळी केळ्यात घालून दिली तर तो केळं खातो आणि गोळी थुंकतो, असं तो मला म्हणाला. “हत्तीला माझ्यापेक्षा अक्कल आहे, थ्रामू.” बहिणीनं त्याच्या पायाला चिमटा काढला.

दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिनसाठी घेतलेल्या रक्तातला उरलेला थेंब मी कागदावर टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. दिवा लावला तर ठिपका उजळला. धुक्यातून दिसावा तसा मंद, पण उजळला. मी तशीच उभी राहिले. त्याच्या हृदयाच्या ठोक्यानं तिच्या पेशी फिरत होत्या, त्याच्या छातीतली हवा त्याच्या बोटांपर्यंत नेत होत्या, आणि उजेड मात्र तिचाच देत होत्या. मग मला भीती वाटली. आज याचं रक्त कुणीही, कितीही नीट तपासलं तरी मी लिहिलं होतं तेच लिहिलं असतं. मी त्याच्या कार्डावर लाल शाईनं लिहिलं: बहिणीचं रक्त चढवलं आहे, चार महिने ही तपासणी खरी धरू नये.

नॉ ला सेला मी त्या खोलीत नेलं. ती कागदावर वाकली.

“हे माझं?”

“त्यातलं काही तुझं.”

“जन्मात त्यानं माझं कधी ऐकलं नाही,” ती म्हणाली. “रक्त तरी ऐकतंय.”

औषध अर्ध्यात सोडलं होतं, त्यामुळे ताप परत येणार हे आम्हाला ठाऊक होतं. तो चार महिने उलटल्यावर आला. माझ्या दिव्याखाली ठिपका आता पुन्हा काळा होता. तिच्या पेशी आपलं आयुष्य जगून संपल्या होत्या.

डॉक्टर पोनतिपनी तेच औषध सुचवलं. पण रोज नाही, आठवड्यातून एकदा तीन गोळ्या, आठ आठवडे. तेवढे दिवस त्यानं दवाखान्याजवळ राहायचं आणि दर आठवड्याला रक्त मोजायचं.

“ज्या विळीनं बोट कापलं तिच्यावरच आता भाजी चिरायची?” नॉ ला सेनं विचारलं.

“हो,” डॉक्टर म्हणाल्या. “पण बोट सांभाळून.”

त्यांनी दोघांना समजावून सांगितलं. जुन्या पेशी दुबळ्या असतात, आधी त्या फुटतात. हाडांच्या मगजात नव्या तयार होतात, त्यांच्यात ते द्रव्य अजून भरपूर असतं. आठवड्याचं अंतर ठेवलं तर नव्या पेशींना वेळ मिळतो. खात्री मात्र त्यांनी दिली नाही. उलट औषध नाही घेतलं तर प्रत्येक ताप थोडं थोडं रक्त नेणारच आहे, हेही सांगितलं.

सॉ ले वा इतका वेळ जमिनीकडे बघत होता. दर तापात आपली हत्तीण दुसऱ्या माहुताच्या हाती द्यावी लागते, असं तो म्हणाला. “ती आता त्याच्या आवाजाला कान हलवते.” त्यानं तळहात पुढे केला. मी तीन गोळ्या त्यावर ठेवल्या आणि त्यानं त्या गिळेपर्यंत समोर उभी राहिले.

सुरुवातीला हिमोग्लोबिन बारा पूर्णांक चार होतं. पहिल्या आठवड्यानंतर अकरा पूर्णांक तीन, दुसऱ्यानंतर दहा पूर्णांक दोन. नॉ ला से रोज सकाळी त्याची लघवी बाटलीत घेऊन दारात उभी राहायची आणि माझा चेहरा बघायची. रंग किंचित गडद होता, त्या पहिल्या दिवसासारखा नव्हता. दहाच्या खाली आलं तर थांबायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात यंत्रानं पुन्हा दहा पूर्णांक दोन दाखवलं. मी गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.

चौथ्या आठवड्यात दहा पूर्णांक सात आलं. मी यंत्र पुसून पुन्हा मोजलं. तेवढंच. पाचव्यात अकरा पूर्णांक तीन. गोळ्या त्याच होत्या, तेवढ्याच होत्या, माणूसही तोच होता, आणि रक्त वर चढत होतं. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं आणि एका माणसाच्या बोटातून दर मंगळवारी ते निघताना बघणं वेगळं. आठव्या आठवड्यात आकडा बारावर आला आणि शेवटच्या तीन गोळ्या त्यानं घेतल्या.

त्यानंतर वर्षभर दर महिन्याला, जंतू परतलेत का ते पाहायला, त्याच्या रक्ताचा थेंब पसरलेली काच माझ्याकडे येत राहिली. शेवटची घेऊन नॉ ला से स्वतः आली, कारण भाऊ रानात होता. काचेवर तिचं नाही, त्याचंच रक्त आहे, हे केंद्रावरच्या मुलीनं सहीनिशी लिहून दिलं होतं. ते मी दोनदा वाचलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवत गेले. दोनशे जागा पाहायच्या असतात, मी तीनशे पाहिल्या. सगळीकडे गोल, स्वच्छ, तांबड्या पेशी. डावीकडून उजवीकडे आणि परत.

ती दारातूनच विचारत होती, काय दिसतंय?

“काही नाही,” मी म्हटलं.

तिनं ते माझ्याकडून आणखी एकदा वदवून घेतलं.