डावीकडची सीट

उलुकच्या गाडीत डावीकडची सीट कुबातची. गाडी जपानहून आलेली जुनी सुबारू, स्टिअरिंग उजव्या हाताला. आणि आमच्या चुई खोऱ्यात वाहतूकही रस्त्याच्या उजव्या बाजूनंच. म्हणजे पुढे एखादा बीट भरलेला ट्रक आला की चालवणाऱ्याला समोरून काय येतंय ते काही म्हणता काही दिसत नाही. दिसतं ते डावीकडे बसलेल्याला. तो मान बाहेर काढतो, बघतो आणि म्हणतो, "जा." मग चालवणाऱ्यानं जायचं. विचारायचं नाही, खात्री करायची नाही, तेवढा वेळच नसतो. अशा गाड्या आमच्याकडे घरटी एक आहेत, आणि डावीकडे कोणाला बसवायचं हे शहाणी माणसं सोयरीक जुळवावी तसं जपून ठरवतात.

उलुकनं ते कधी ठरवलंच नव्हतं. तो आणि कुबात एकाच वर्षी, तोकमोक गावातल्या एकाच आळीत जन्मलेले. अशा जोडीला आमच्यात कुर्दाश म्हणतात, आणि कुर्दाशाची यथेच्छ टिंगल करायचा कुर्दाशाला जन्मसिद्ध हक्क असतो. उलुकच्या लग्नात भर पाहुण्यांत कुबात उठून म्हणाला होता की मुलगी लाखात एक आहे, फक्त तिचे डोळे एकदा तपासून घ्या. सगळ्यात मोठ्यानं उलुकच हसला होता.

बाजाराच्या मागे दोघांचं मिळून गॅरेज होतं. काम काय, तर गाड्यांना गॅसची किट बसवणं आणि पट्टे बदलणं. कुबातला त्यात काही वावगं वाटत नसे. उलुकचा जीव मात्र त्यात रमत नव्हता. त्याला इंजिन जुळवायचं वेड होतं: किती हवेला किती पेट्रोल, ठिणगी केव्हा. सुबारूचं इंजिन त्यानं स्वतः उघडून स्वतः बांधलं होतं, आणि आता त्याला त्या इंजिनाच्या पोटातलं खरं जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारं मीटर हवं होतं. धुराच्या नळीत सेन्सर बसवायचा, तो वास घेतल्यासारखं सांगतो की पेट्रोल जास्त झालं की कमी.

मीटर आणायला दोघं राजधानीत, बिश्केकच्या बाजारात गेले, तेव्हा दुकानदारानं आधी रंगीत दिव्यांचं एक स्वस्त मीटर काढलं. दिवे असे काही नाचत होते की कुबात म्हणाला, हे उलुकच्या सासूला दे, नवरोझला घर सजवेल. ते मीटर फक्त "जास्त" आणि "कमी" एवढंच सांगायचं, किती ते नाही. दुसरं होतं आकडा दाखवणारं. त्याला एक बारीक तार होती. आकडा ती विजेच्या दाबात बदलून पाठवते, आणि ती तार नोंद करणाऱ्या डबीला जोडली की इंजिनाचे फेरे, टर्बोचा दाब आणि हे प्रमाण, सगळं लॅपटॉपवर एका रेषेखाली एक उमटतं. हे मीटर घे असं कुबातच म्हणाला. आणि बरोबर म्हणाला, ते कबूल केलं पाहिजे. तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं.

जोडणी उलुकनं केली. त्यात एकच गोम असते. मीटरची काळी तार आणि डबीची काळी तार, दोन्ही इंजिनाच्या एकाच बोल्टला बांधायच्या. का, तर दोघांनी एकाच ठिकाणावरून मोजायला हवं. एकानं विहीर काठावरून मोजली आणि दुसऱ्यानं दोन पायऱ्या उतरून, तर पाणी तेवढंच असून आकडे जुळणार नाहीत. उलुकनं बोल्टखालचा गंज घासून काढला, दोन्ही तारा एकावर एक बांधल्या. मीटर लावलं डावीकडच्या खांबावर, काचेच्या कडेला, कुबातकडे तोंड करून. ऊन पडू नये म्हणून वर काळी टोपी. उलुकला स्टिअरिंगवरून तिची नुसती कड दिसायची. गाडी भरधाव असताना त्याला रस्ता सोडून कुठे बघायचं नसे, आणि बघायला कुबात होताच. मांडीवर लॅपटॉप, समोर मीटर. तो आकडा सांगायचा, उलुक पेट्रोल कमीजास्त करायचा.

वसंतात इंजिन सुरेख जुळलं. पूर्ण जोरात मीटर अकरा-आठ दाखवायचं, म्हणजे एक भाग पेट्रोलला अकरा पूर्णांक आठ भाग हवा; लॅपटॉपही अकरा-आठ. जेवढं हवं तेवढंच. उलुकनं त्या नोंदी फोनवरून ओळखीपाळखीत धाडल्या, आणि फिरत फिरत त्या सीमेपलीकडे अल्माटीत गाउखारपर्यंत पोचल्या.

गाउखार म्हणजे पन्नाशीची कझाक बाई. शर्यतीच्या गाड्या जुळवणारं तिचं मोठं गॅरेज. तिचा फोन आला तेव्हा उलुक एका गाडीखाली पडला होता, म्हणून कुबातनं घेतला. बाई म्हणाली, मला एक माणूस हवाय; मी येते, तुमच्या गाडीत बसते, एक फेरी बघते, जमलं तर घेऊन जाते. कुबात धावत आला आणि ओरडला, "सुयुन्चू!" चांगली बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याला हाताशी असेल ते बक्षीस द्यायचं, ही आमची रीत. उलुक गाडीखालून निघाला, बातमी ऐकली, आणि ज्याला तो कोणाला हात लावू देत नसे तो आपला जपानी पान्यांचा संच त्यानं कुबातच्या हातात ठेवला.

मग त्याच्या ध्यानात आलं: गॅरेज दोघांचं, आणि बाईला हवा होता एकच.

"जाऊ का?" त्यानं विचारलं.

कुबातनं पाने उन्हात धरून पाहिले. "जा," तो म्हणाला.

एवढं ऐकल्यावर उलुकला दुसरं काही लागत नव्हतं. वर्षभरात तुला बोलावून घेतो, असं त्यानं कुबातला शपथेवर सांगितलं. घरी बायको नाझगुलनं गाद्या-रजयांच्या गठड्या बांधायला घेतल्या. तिला वाटत होतं आता फक्त निघायचंच बाकी आहे.

आणि त्याच आठवड्यात आकडे बिघडले.

बीटच्या शेतांपलीकडे औषध फवारणाऱ्या विमानांची जुनी धावपट्टी आहे, तिथे दोघं फेऱ्या मारायचे. कुबात लॅपटॉपवर बघून म्हणाला, बारा-आठ, कोरडं चाललंय, पिस्टन जाळशील. उलुकला घाम फुटला. त्यानं पेट्रोल वाढवलं. पुढच्या फेरीला कुबात म्हणाला, अजून घाल. उलुकनं अजून घातलं. शेवटी लॅपटॉपवर अकरा-आठ आलं, पण गाडीची रग गेली. पूर्वी मागून कोणी ढकलल्यासारखी सुटायची, ती आता जेवून सुस्तावल्यासारखी चालायला लागली. धुराच्या नळीला काजळी धरली. उलुक म्हणाला, मला हे पटत नाही. कुबात म्हणाला, पेट्रोल भेसळीचं आहे, दुसरं काय. आकडे तर तुझ्यासमोर आहेत. आकडे खरंच समोर होते. लॅपटॉप कुबात वळवून दाखवायचा. मीटर वळवून दाखवायचा नाही, ते खांबाला पक्कं होतं.

उलुकनं पेट्रोल बदललं, प्लग बदलले, फिल्टर बदलला, टर्बोच्या नळ्या साबणाच्या पाण्यानं तपासल्या. सारी दुनिया तपासली. एवढा हुशार गडी, पण उठून डावीकडे जाऊन बसावं हे काही त्याला सुचलं नाही. कसं सुचणार? तिथे कुबात होता.

गाउखार आली त्या दिवशी कुबातनं धावपट्टीच्या कडेला कढई मांडली होती. पाहुणीसाठी मटण परतत होता, तळलेल्या बोरसोक-पावांची परडी झाकून ठेवली होती, आल्या आल्या त्यानं तिच्या हातात चहाची वाटी दिली. यजमानपणात तो कुठे म्हणून कमी पडला नाही. पुढे उलुकला आकड्यांपेक्षा ती चहाची वाटीच जास्त टोचली.

बाईनं चहा संपवला आणि सरळ डावीकडचं दार उघडलं. कुबात पुढे होऊन, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, म्हणाला की एजे, लॅपटॉप मी सांभाळतो, तुम्ही मागे आरामात बसा. ती म्हणाली, आराम करायला मी सीमा ओलांडून आले नाही.

उलुकनं गाडी सोडली. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला, मागे काळा धूर सुटला, पट्टी संपली, गाडी थांबली. गाउखारनं आधी लॅपटॉपकडे बघितलं, मग खांबाकडे, परत लॅपटॉपकडे. मग तिनं आणखी एक फेरी मारायला सांगितली. ती झाल्यावर तिनं चष्मा काढला.

"पोरा, लॅपटॉप म्हणतो अकरा-आठ. तुझं मीटर म्हणतंय दहा-आठ. इंजिन पेट्रोलमध्ये बुडतंय, आणि हे इथे चक्क लिहिलेलं आहे. या सीटवर रोज कोण बसतं?"

उलुकनं आरशात बघितलं. दूर कढईपाशी कुबात उभा होता, हातात झारा, गाडीकडे तोंड करून. उलुकला काही विचारायची गरजच राहिली नाही.

तो उतरला, बॉनेट उघडलं. इंजिनाच्या बोल्टवर एकच काळी तार होती, डबीची. मीटरची तार हळूच आत ओढून डॅशबोर्डखाली एका गंजक्या, रंग लागलेल्या स्क्रूला बांधली होती. गाठ नीट, घट्ट, कुबातच्या हातची. इतकी वर्षं शेजारी उभं राहून काम केलेल्या माणसाची गाठ ओळखू येते. परक्यानं केलं असतं तर त्यानं शिव्या दिल्या असत्या. इथे शिवीसुद्धा सुचेना.

गाउखारनं वाकून स्क्रू पाहिला. तिला सगळं कळलं. बाईनं असल्या गोष्टी ढीगभर पाहिल्या असणार.

"एजे, तार परत लावतो," उलुक म्हणाला. "पेट्रोलचं जुनं प्रमाण बसवतो. आणखी एक फेरी बघा. तुम्ही वसंतातलं काम पाहिलंय माझं."

"पाहिलंय. हात चांगला आहे तुझा." तिनं चष्मा डबीत ठेवला. "तार कोणी हलवली तो तुझा घरचा प्रश्न. पण गाडी तुझी, नाक तुझं, काजळी तुझ्या डोळ्यांसमोर, आणि तू एकदाही उठून या बाजूला बसला नाहीस. माझ्याकडे लोक आपली इंजिनं ठेवून जातात. ती मी अशा माणसाच्या हाती कशी देऊ?"

उलुकनं खाली बघितलं. तिच्या बोलण्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं, हेच वाईट होतं. ती मटणाला थांबली नाही. अन्नाचा अपमान नको म्हणून एक बोरसोक तोडून तोंडात टाकला, कुबातकडे ढुंकूनही न बघता आपल्या गाडीत बसली आणि गेली.

मग कढईपाशी दोघंच उरले. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे उलुकला त्या दुपारी कळलं.

"कधी केलंस?" त्यानं विचारलं.

"सुयुन्चूच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे पानाही तोच, उलुकनं दिलेला. तो बोल्ट दुसऱ्या पान्यानं तसा निघतच नाही.

कुबातनं झारा खाली ठेवला. "इंजिनाला काही होऊ दिलं नाही मी," तो म्हणाला. "पेट्रोल वाढेल असंच केलं. उलटं केलं असतं तर पिस्टन वितळले असते. तेवढं कळतं मला."

"म्हणजे इंजिनाची दया आली तुला."

कुबात एकदम फुटला. तू गेलास की मी काय करायचं होतं, म्हणाला. जन्मभर पट्टे बदलायचे? लोक आले की विचारणार, उलुक कुठाय. वर्षानं बोलावतो म्हणे. अल्माटीला गेलेल्यांपैकी आजवर कोणी कोणाला बोलावलंय? डोळे पुसले त्यानं. ते रडणं खरं होतं, खोटं कशाला बोला. पण उलुकला त्याची कीव येईना.

"मग नको जाऊस म्हणायचंस," उलुक म्हणाला. "मी विचारलं होतं तुला. नको म्हणाला असतास तर राहिलो असतो, देवाशपथ. तू 'जा' म्हणालास, कुबात."

कुबातनं झारा उचलून कढईत उगाच फिरवला.

कढईतलं मटण तसंच होतं. ते फेकणंही पाप, म्हणून उलुकनं झाकण लावून कढई मागे डिकीत ठेवली. मीटरची तार सोडवून पुन्हा इंजिनाच्या बोल्टला बांधली. मग खांबावरचा क्लॅम्प सैल केला, मीटर उजवीकडे वळवलं, स्टिअरिंगवरून आकडा स्वच्छ दिसेपर्यंत, आणि पक्कं आवळलं. कुबात तोवर सवयीनं डावीकडच्या दारापाशी येऊन उभा राहिला होता.

माणसाला माळावर टाकून जाणं आमच्यात बसत नाही, मग तो कोणीही असो. उलुकनं मागचं दार उघडलं.

"इथे बस."

कुबात मागे बसला, भाडं देऊन आलेल्या उतारूसारखा. घरी गठड्या बांधून बसलेल्या नाझगुलला काय सांगायचं, एवढंच उलुकच्या डोक्यात फिरत होतं.

तोकमोकच्या रस्त्याला लागले आणि पुढे बीटचा ट्रक आला. ओझ्यानं वाकलेला, बैलगाडीच्या चालीनं चाललेला. उलुकला त्याच्या मागच्या फळ्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. कुबातनं मागच्या सीटवरून डावीकडे सरकून काच खाली केली, मान बाहेर काढली. रस्ता पार गावापर्यंत मोकळा होता.

"जा," तो म्हणाला.

उलुक ट्रकच्या मागेच राहिला.

थोड्या वेळानं कुबात पुन्हा म्हणाला, आवाज बारीक झाला होता त्याचा, "अरे, मोकळा आहे रस्ता. खरंच मोकळा आहे. जा."

उलुकनं ऐकलं. गिअर बदलला नाही. ट्रकमधून एखादं बीट घरंगळून रस्त्यावर पडायचं, ते तो चुकवायचा, आणि असाच, ट्रकच्या चालीनं, तो तोकमोकपर्यंत आला.