ओबदुलियाबाईंचा गुडघा आणि मी

मी एक कुत्रा बोलतोय. हसू नका! अंगावर केस नाहीत म्हणून काय झालं? डोक्यावर शेंडीपुरते चार आहेत आणि ते मी जिवापाड जपतो. आमची जातच उघडीबोडकी. मी काळा आणि अंगाने ऊन-ऊन, म्हणून माझं नाव तिसोन, म्हणजे निखारा.

पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वांचाको गावात कुणाचा सांधा धरला, की आधी आमची आठवण होते. बिनकेसांचा कुत्रा दुखऱ्या जागी धरून निजलं, की तो दुखणं ओढून घेतो म्हणे! या समजुतीपायी माझी दोनदा फजिती झाली. एका घरी दम्यासाठी नेलं, दुसऱ्या घरी कंबरेसाठी. मी इमानेइतबारे कुशीत पडून राहिलो. दुखणं काही हटेना. मग गुण नाही म्हणून मला पुन्हा घरोघरी कुत्री देणाऱ्या सेगुंदोकाकांच्या अंगणात आणून सोडलं. अहो, दुखणं मी कुठून ओढणार? मला फक्त ऊब देता येते.

एका धुकट सकाळी ओबदुलियाबाई अंगणात आल्या. नवरा गेल्यापासून घरात एकट्या. सोबत लेक मिर्था. तिला आईसाठी पांढरं, गुबगुबीत पिल्लू हवं होतं. काकांनी तसलं एक सोडल्याबरोबर ते बाईंच्या पायांत असं घुसलं, की भिंत हाताशी होती म्हणून त्या वाचल्या.

"अगं, हे मला सोबत करणार की पाडणार?" बाई कडाडल्या. "आणि माझ्यामागे याला कोण बघेल? तू? तुझ्याच्याने कुंडीतलं रोप जगत नाही!"

त्यांची नजर कोपऱ्यात माझ्यावर पडली.

"तो आठ वर्षांचा आहे," काका म्हणाले. "ओढत नाही, फार भुंकत नाही, उचलायला हलका. पण बाई, खरं सांगतो, दोन घरांतून परत आलाय."

"म्हणजे अनुभवी आहे की!" बाईंनी बसून मांडी थोपटली. मी बेताने चढलो. "अगबाई, हा तर भट्टीतल्या पावासारखा गरम!"

"शी, आई! कातडी बघ, जुना बूट नुसता," मिर्था म्हणाली. मग जरा विचार करून, "बरं, गुडघा तरी बरा होईल तुझा."

पुन्हा तेच!

बाईंकडे माझी चंगळ होती. त्या माझ्या पाठीला तेल चोळायच्या, भातात शिजवलेलं बदक गुपचूप भरवायच्या. धक्क्यापर्यंत फिरायला जाताना मी मुद्दाम रेंगाळत चालायचो, म्हणजे त्यांना थांबायला निमित्त मिळे. दुपारभर मी गुडघ्याला चिकटून असे. पण त्या उठताना "आई गं!" म्हणाल्या, की माझा जीव खालीवर व्हायचा.

एका रविवारी मिर्था जेवायला आली. "गुडघा कसा आहे?"

"ठणकतोय मेला."

मी मुकाट्याने खुर्चीखाली सरकलो.

"म्हणजे काही उपयोग नाही. मग देऊन टाकू या याला परत."

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "सेगुंदो गुडघा परत घेत असेल तर खुशाल घेऊन जा. कुत्रा इथेच राहील!"

सुटलो एकदाचा! त्या दुपारी मी इतका घोरलो, की मिर्थासुद्धा हसली.

तुम्ही घरच्या वडीलधाऱ्यांसाठी कुत्रा बघायला गेलात, तर कोपऱ्यातल्यालाही एकदा मांडीवर घेऊन बघा. फक्त औषध म्हणून नेऊ नका हो.

चला, बाई हाक मारतायत. गुडघा दुखतोय त्यांचा.