मस्कोपाची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जुन्या वस्तू हळू आवाजात, डोळे पुसत आपली गोष्ट सांगतात असे तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असे मला वाटतही नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, खाडीच्या मुखाशी, तिथल्या मूळ रहिवासी वांपानोआग लोकांचे एक गाव होते. त्या गावातल्या मस्कोपाने मला चेस्टनटच्या एका अखंड खोडातून घडवले. खोडावर निखारे ठेवायचे, जळलेला भाग शिंपल्यांनी खरवडायचा, पुन्हा निखारे ठेवायचे. त्याची मुलगी कीसुक तेव्हा लहान होती. आग कडेला पसरू नये म्हणून ती माझ्या अंगाला ओला चिखल थापत बसायची आणि सगळा वेळ माझ्याशी बडबडायची.

मला पाण्यात ढकलले त्या दिवशी सारे गाव काठावर आले होते. पुढे मी काय काय वाहिले! तिसऱ्यांचे शिंपले, कालवे, वळवळणारे वाम मासे, मक्याच्या टोपल्या. एकदा पलीकडच्या गावची नवरीही आणली. मस्कोपा दर हंगामात मला चरबी चोळायचा.

मग इंग्रज आमच्या खाडीवरही आले. पहिल्याच हिवाळ्यात त्यांची माणसे उपासमारीने मरू लागली. त्यांच्यात एल्कना पेल नावाचा एक तरुण होता. त्याच्या हिरड्या सुजून दात हलू लागले होते, त्याला चालता येत नव्हते. मस्कोपाने माझ्यातून त्याच्यासाठी मका आणि वाम नेले. पेल रडला. मस्कोपाचा हात धरून त्याला भाऊ म्हणाला. माझ्या कडेवरून हात फिरवून म्हणाला, की असे काम त्याच्या देशातले सुतारही करत नाहीत. मला ते ऐकून बरे वाटले होते. आज त्या कौतुकाची मला किळस येते.

पेलला ताकद आली. त्याने घर बांधले, डुकरे आणली आणि मोकळी सोडली. डुकरांनी आधी आमच्या तिसऱ्यांचे किनारे उकरले. मग ती मक्यात शिरली. शेवटी बायकांनी जमिनीत पुरून ठेवलेला हिवाळ्याचा मकाही त्यांनी खाऊन टाकला. मस्कोपा तक्रार घेऊन इंग्रजांच्या पंचांकडे गेला. पंचांनी त्याला शेताला कुंपण घालायला सांगितले. डुकरे पेलची, शेत आमचे, आणि कुंपणही आम्हीच घालायचे! गावातल्या कोणीतरी एक डुक्कर मारले, तेव्हा त्याच पंचांनी भरपाई म्हणून आमचे खाडीकाठचे शेत पेलला देऊन टाकले. न्याय असाही असतो, हे मला तेव्हा कळले.

काही वर्षांनी युद्ध पेटले. आतल्या भागातल्या आमच्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्रे उचलली. त्यांनीही घरे जाळली, माणसे मारली. ते मी लपवणार नाही. मस्कोपाच्या गावाने मात्र कोणावर बाण सोडला नव्हता. तरी सैनिक जवळ येत चालले होते, वाटेतली गावे धान्यासकट पेटवत होते. तेव्हा पेल आमच्या काठावर आला.

"मस्कोपा, तुझ्या माणसांना घेऊन माझ्या धक्क्यावर ये," तो म्हणाला. "मी जामीन राहतो. कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही."

मस्कोपाने विश्वास ठेवला. त्याने मला वल्हवत खेपा घातल्या. म्हातारी माणसे आधी, मग लेकुरवाळ्या बाया, शेवटी पुरुष. प्रत्येक खेपेला मी त्यांना धक्क्याला लावले, आणि वर नेताच सैनिकांनी त्यांना दोरखंडांनी बांधले. हे खाली पाण्यावरून दिसत नव्हते. शेवटच्या खेपेनंतर मस्कोपा वर चढला, तेव्हा त्याला दिसले. तो पेलकडे बघत राहिला. पेल जमिनीकडे बघत होता.

मस्कोपासकट सगळ्या पुरुषांना जहाजात घातले. दक्षिणेकडच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत विकण्यासाठी. कीसुक तेव्हा ऐन तारुण्यात होती. बाकीच्यांना इंग्रजांनी आपसांत वाटून घेतले, तिला पेलच्या घरी कामाला ठेवले. गावाची उरलेली जमीन पेलने बळकावली, आणि मीही त्याच्याकडेच गेले. आम्ही दोघी लुटीच्या एकाच वाटणीत आलो, मित्रांनो.

पेलने मला उतारूंची होडी केली. कीसुकने वल्हवायचे, माणसे पलीकडे सोडायची. लोक बुटांचा चिखल माझ्या कडेला पुसायचे. चरबी तर सोडाच, कोणी साचलेले पाणीही काढत नसे, कीसुकच काढायची. ती त्यांची भाषा शिकली. जो खलाशी चढेल त्याला ती त्या जहाजाविषयी विचारायची. बहुतेक जण हसायचे. एकजण मात्र मान खाली घालून म्हणाला, "त्या मळ्यांतून कुणी परत येत नाही, बाई. वाट बघू नका."

अशी बरीच वर्षे गेली. मग समुद्रापलीकडच्या इंग्रजांच्या राजाने या लोकांवर एक नवा सुभेदार पाठवला. सुभेदाराने त्यांची सभा बंद केली आणि जाहीर केले, की तुमच्या जमिनींचे हक्क खरे नाहीत. सगळी जमीन राजाची, नव्याने मागून घ्या. काय संतापले ते लोक! पेल माझ्यात बसून शेजाऱ्यांना सांगायचा, की आम्हाला न विचारता कोणी कुठे दूर बसून आमची जमीन कशी घेऊ शकतो? हा जुलूम आहे, देव हे बघतो आहे. मागे कीसुक मुकाट वल्हवत असायची. मला तिथेच उलटून जावेसे वाटायचे.

राजाचा अधिकारी पेलच्या जमिनीची चौकशी करायला येणार असे कळले. पेलला साक्षीदार हवा होता. तो धक्क्यावर आला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने कीसुकला बसायला सांगितले.

"एवढंच बोलायचं," तो म्हणाला. "तुझ्या बापानं राजीखुशीनं मला जमीन विकली. मग तू मोकळी. कुठं जायचं तिथं जा."

"आणि नाही बोलले तर?"

"तर ती राजाची होईल. तुझी थोडीच होणार आहे?"

एवढे मात्र तो खरे बोलला.

अधिकारी आला तो माझ्यातूनच. धक्क्यावर शेजारीपाजारी जमले होते. त्याने कीसुकला विचारले. पेल तिच्याकडे बघून हळूच मान डोलावत होता.

कीसुक म्हणाली, "माझ्या बापानं याला मका दिला. हा मरत होता तेव्हा वाम आणून दिले. जमीन दिली नाही. यानं त्याला शब्द देऊन इथं बोलावलं आणि विकलं."

शेजारी पेलकडे बघू लागले. अधिकारी मात्र खूश झाला. म्हणजे पेलचा हक्क खोटा आणि जमीन राजाची, असे तो म्हणाला.

"मी राजाचं नाव घेतलं नाही, साहेब," कीसुक म्हणाली. "ती माझ्या माणसांची आहे."

"तुला तेवढं विचारलेलं नाही," असे म्हणून तो हसला आणि चालू लागला.

त्या दिवशी पेलने तिला काठीने मारले.

पुढच्या वसंतात इंग्रज वसाहतवाल्यांनी बंड केले आणि सुभेदाराला तुरुंगात टाकले. घंटा वाजल्या. पेल घोडा दामटत घरी आला, शेजाऱ्याला मिठी मारून म्हणाला, "आजपासून आपण कुणाचे गुलाम नाही." मग ओट्यावर बसला आणि चिखलाचे बूट काढायला त्याने कीसुकपुढे पाय केले.

तिने बूट काढले. नीट बाजूला ठेवले.

रविवारी सगळे स्वातंत्र्याबद्दल देवाचे आभार मानायला प्रार्थनेला गेले. कीसुक लख्ख उन्हात धक्क्यावर आली, तिने मला सोडले आणि प्रवाहाविरुद्ध वर नेले. तिच्या हातांना फोड आले, तरी ती थांबली नाही. वर, एका तळ्याकाठी, तिच्या मावशीकडची माणसे उरली होती. त्यांच्यात ती राहिली, मासे धरत म्हातारी झाली. तिथल्या मुलांना ती मस्कोपाविषयी सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज कधीच मऊ व्हायचा नाही.

वल्हे पेलवेना तेव्हा तिने माझ्यात दगड भरून मला तळ्यात बुडवले. लाकूड तडकू नये म्हणून आमचे लोक होड्या अशाच ठेवतात. मी अजून तिथेच आहे.

मित्रांनो, कधीतरी कोणी मला वर काढेल. मला जपा. वारा लागला की माझे लाकूड फाटेल, म्हणून ओले ठेवा, हळू उचला. पण संग्रहालयातल्या पाटीवर नुसते 'जुनी होडी' असे लिहू नका. मस्कोपाने घडवली असे लिहा. त्याला कोणी विकले तेही लिहा. एवढे लिहायला पाटीवर जागा नसेल, तर मला पाण्यातच राहू द्या.