बोट जाईबाईंचं, साखर दीक्षाची

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे, मित्रांनो! घरात मला 'शुगरचं मशीन' म्हणतात. तळहातावर मावेन एवढाच मी, पण थेंबभर रक्त पट्टीला लागलं, की त्यात साखर किती ते चटकन सांगतो. नवा होतो तेव्हा काय चकाकायचो! आता माझ्या तोंडावर आडवा तडा आहे. तो कसा पडला, तेच सांगतो.

काळेवाडीतल्या दीक्षाला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा मी तिच्या घरी आलो. डॉक्टर अरुंधती मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "गरोदरपणातली शुगर आहे. तपासत राहा, आकडे मला कळव. आटोक्यात आली नाही, तर इन्सुलिन देऊ." दीक्षा मला पदराला पुसून ठेवायची. काय माझा तोरा!

मग डोहाळजेवण आलं. फुलांचे दागिने घालून दीक्षाला पाटावर बसवलं. झाकलेल्या वाटीतून पेढा निघाला, आणि बायका तिला भरवायला तुटून पडल्या. कुणाचा गुलाबजाम, कुणाची बासुंदी. "नको" म्हटलं की सासूबाई, जाईबाई, डोळे वटारायच्या. "वटी भरणाऱ्या बाईचा घास मोडती व्हय गं?"

बायका गेल्यावर दीक्षाने गुपचूप बोट टोचलं. मी आकडा दाखवला, तो भलताच मोठा! तेवढ्यात तिचा नवरा समाधान आत आला.

"आजच्या दिवशी रक्त काढतीस?" तो ओरडला, आणि मला उचलून भिंतीवर आपटलं. खाड्‌! माझं तोंड फुटलं. दीक्षा किंचाळली.

जाईबाईंनी मला केरातून उचललं. वाटलं, माया आली. कुठली! त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं. "माझं टोच. ह्योच आकडा सांग त्या डॉक्टरीणबाईला. रक्त काढून काढून पोराला वाळवशील." दीक्षा घाबरलेली होती. तिने ऐकलं. पुढे रोज तेच. मित्रांनो, मला रक्त कळतं, माणूस कळत नाही. आकडा छान आला. इन्सुलिन सुरूच झालं नाही. मॅडमकडून शाबासकी मात्र मिळाली!

नागसेन जन्मला, गुटगुटीत. मला खणात टाकून सगळे विसरले. खणातून मी फक्त ऐकायचो. तो उशिरा बोलला. शाळेत गेल्यावर त्याचं लक्ष टिकेना, आकडे उलटेपालटे व्हायचे. मग खणाबाहेर समाधानच्या कमरपट्ट्याचे आवाज सुरू झाले. सट्‌! "मठ्ठ!" सट्‌! "माझ्या पोटी हे असलं!"

आता दीक्षाला पुन्हा दिवस गेले. मॅडमकडे जाताना तिने नागसेनलाही नेलं, आणि परत आल्यावर मला खणातून काढून नवा सेल घातला. तेवढ्यात चाकणच्या कंपनीतून समाधान आला. त्याने नागसेनपुढे पुस्तक धरलं. "वाच."

"ए... एकवीस."

"बारा आहे ते!" पट्टा निघालाच. पहिला फटका नागसेनच्या पाठीवर बसला. दुसऱ्याला दीक्षा आडवी आली, तो तिच्या ओठावर. रक्त उडालं, मित्रांनो, माझ्यावरही! जाईबाई ओरडल्या, "आरं, पोटुशी हाय ती!"

दीक्षाने पट्टा हिसकला, विळीपाशी बसली आणि कांदा चिरावा तसे त्याचे तुकडे केले.

"हा मठ्ठ? मॅडमला आज सगळं खरं सांगून आलेय मी. पोटात असताना शुगर जास्त राहिली, तर काही मुलांना पुढे शिकायला, लक्ष द्यायला जड जाऊ शकतं. सगळ्यांना नाही. याचं त्यामुळेच झालं, असंही छातीठोक सांगता येत नाही म्हणाल्या. पण माराने डोकं चालत नाही, हे छातीठोक सांगितलं. त्याला तपासायचंय, वेगळ्या पद्धतीने शिकवायचंय. मशीन भिंतीवर कोणी आपटलं, बोट कोणी दिलं, ते विचारू का आता?"

समाधान मोकळ्या हातांकडे बघत राहिला. जाईबाई ओला फडका घेऊन आल्या. त्यांनी सुनेचा ओठ पुसला. सवयीनेच त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. दीक्षाने ते बाजूला सारलं आणि स्वतःचं टोचलं.

"नागसेन, वाच रे बाळा, किती आलं?"

तो डोळे पुसत पुढे आला. "एक... दोन... नाही, थांब..."

समाधानचा हात उठला. अर्ध्यावरच थांबला. मग तो हळूच म्हणाला, "थांबलोय. सावकाश वाच."

माझा उजेड थोड्या वेळाने आपोआप विझतो, मित्रांनो. पण त्या दिवशी फुटक्या तोंडाने, जीव एकवटून मी पेटून राहिलो. नागसेनने माझ्यावरून बोट फिरवलं, एकेक आकडा धरला आणि बरोबर वाचला!

एवढंच मागतो. आईच्या बोटाऐवजी दुसऱ्याचं बोट माझ्यापुढे धरू नका. आणि एखादं लेकरू अडखळलं, तर हात उगारू नका. जरा थांबा. मी जुनं, फुटकं मशीन थांबू शकलो, तर तुम्हाला काय जड आहे?