हिरवी पट्टी

“कुणाला कळलं नाही, हात वर करा,” असं मी वर्षानुवर्षं विचारत आले आणि वर्षानुवर्षं एकही हात वर झाला नाही. मला वाटायचं, पेडणेकर बाईंचं गणित म्हणजे गणित. लालबागच्या नाक्यावर जुनी पोरं, आता टक्कल पडलेली, वाकून पाया पडायची. डोक्यात थोडी हवा जायचीच.

ती हवा काढली हितेंद्रने. आमच्या शाळेतला दुसरा गणिताचा मास्तर, वयाने माझ्या भाच्याएवढा. गणपती मंडळाने शाळेला दिलेले टॅब कपाटात धूळ खात पडले होते. ते त्याने बाहेर काढले आणि मला एक वेबसाइट दाखवली. मुलांनी टॅबवर बोट टेकवायचं. कळलं तर हिरवं, नाही कळलं तर लाल, आणि भिंतीवरच्या टीव्हीवर दोन पट्ट्या चढत जाणार. नाव कुणाचंच दिसत नाही. माझं खातंही त्याने स्वतःच्या ईमेलवरून उघडलं, कारण पासवर्ड म्हटलं की माझं डोकं उठतं. मी त्याला घरचाच समजत होते. माझ्या डब्यातल्या निम्म्या आंबोळ्या त्याच्याच पोटात जायच्या.

पहिल्याच दिवशी नववी अ मध्ये लाल पट्टी पार टोकाला जाऊन टेकली. मला आधी राग आला, मग रडू आलं, मग मी खडू उचलला आणि तेच गणित पुन्हा शिकवलं. लाल जराशी उतरली. आणखी एकदा शिकवलं. या वयात मी शिकवायला शिकले म्हणा ना. सृजा घाडी ही वर्षभर तोंडातून शब्द न काढलेली पोरगी. एकदा तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन म्हणाली, “बाई, लाल मी पण दाबते. तुम्ही ओरडत नाही म्हणून.” मी तिला शब्द दिला की या लालचा कुणाला कधीच त्रास होणार नाही.

आमच्या शाळेची रीत अशी, की नववीला जो शिकवतो त्यानेच तो वर्ग दहावीला न्यायचा. पण यंदा मुलांचा पट इतका घसरला, की दोन्ही तुकड्या मिळून दहावीचा एकच वर्ग होणार होता. त्याला गणित मी शिकवणार की ब तुकडीचा हितेंद्र, हे संस्थेच्या सभेत ठरायचं होतं. मला ती मुलं हवी होती. आत्ता कुठे ती माझ्याशी खरं बोलायला लागली होती. हितेंद्र स्वतःहून म्हणाला होता की हक्क तुमचाच, मी मध्ये येणार नाही.

सभेला तो लॅपटॉप घेऊन आला. चिटणीस जयवंतरावांपुढे त्याने त्या वेबसाइटवर साठलेले दोन आलेख उघडले. माझा वर्ग लालेलाल, त्याचा हिरवागार. मी सांगितलं, की हा मुलांच्या मागे उभा राहून त्यांच्याकडून हिरवं दाबून घेतो, आणि माझी मुलं खरं सांगतात म्हणून लाल दिसतंय. जयवंतराव मान हलवत राहिले. त्यांना फक्त रंग दिसत होते. दहावी हितेंद्रला मिळाली.

जिन्यात मी त्याला गाठलं. तो म्हणाला, “पर्सनली घेऊ नका, बाई. मी पदरचं काहीच नाही सांगितलं. तुमचाच डेटा दाखवला.”

केसाने गळा कापणे, याचा मी मुलांना वाक्यात उपयोग करायला लावलेला आहे, मराठीच्या बाई रजेवर असताना. त्या दिवशी जिन्यात उभ्या उभ्या माझा हात गळ्याकडे गेला. घरी जाऊन डबा उघडला तर त्याच्या वाटणीच्या आंबोळ्या तशाच होत्या. त्या मी कुणालाच दिल्या नाहीत, फेकून दिल्या.

शाळेत बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी शंकूचं घनफळ घ्यायचं होतं. मी फळ्यावर नुसता शंकू काढत होते, तोंडातून अजून एक अक्षर निघालं नव्हतं. मागे कुजबुज झाली म्हणून वळले, तर टीव्हीवर हिरवी पट्टी सरसर चढत होती. लालचा मागमूस नव्हता.

हे काय चाललंय, म्हणून मी विचारलं. सृजा उठून उभी राहिली. भर वर्गात बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

“बाई, आम्ही ठरवलंय. तुमच्या तासाला आता लाल कोणीच दाबायचं नाही. सर हिरवं दाखवतात ना, मग आपण पण दाखवू.”

तिचा चेहरा असा फुलला होता की मला तिला रागावता येईना. हितेंद्रने वर्ग नेला, ते मी गिळलं असतं. पण या पोरीचं खरं बोलणंही तो घेऊन गेला होता, आणि तिला वाटत होतं की ती मला काहीतरी देते आहे.

मी टीव्ही बंद केला. शंकू जीव तोडून शिकवला. शेवटी हात झटकले आणि म्हटलं, “कुणाला कळलं नाही, हात वर करा.”

सगळी मुलं माझ्याकडे बघून प्रेमाने हसत राहिली. हात एकही वर झाला नाही.